ऑफसाइड

डाव्या गुडघ्यात आता स्टीलची वाटी.
डॉक्टर म्हणाले, रोज दोन किलोमीटर, सावकाश.
दोन किलोमीटरांत आमच्या कोल्हापुरात
हत्ती, पैलवान, नट
आणि बावीस पोरं मावतात.

साठमारीपासून निघतो.
दगडी बुरूज, बुरजात माणूस सरकेल एवढीच फट.
चिडवलेला हत्ती अंगावर आला
की माणूस त्या फटीत शिरायचा,
वर बसलेले हसायचे.
आता बुरजाला स्कूटी टेकवून
कॉलेजची दोघं एकाच हेडफोनातून काहीतरी ऐकतायत.
मी फटीकडं जरा जास्तच वेळ बघतो.
मला एकदा अशी एक हवी होती.

पुढं स्टेडियम. चुन्याची रेघ पुसट.
गेटाशी हिंदुराव सरनोबतची टपरी.
साखर ढवळता ढवळता,
हवापाण्याचं विचारावं तसं तो म्हणतो,
"सर, त्यो गोल हुता."
एकतीस वर्षं झाली.
त्या रात्री त्याच्या पेठेनं माझ्या दाराला
फाटका फुटबॉल टांगला होता.
बायकोनं तो कापून त्यात पुदिना लावला.
पुदिना चांगला आला.
चहाचे पैसे हिंदुराव घेत नाही.
तेच जास्त लागतं.

रस्ता ओलांडला की खासबाग.
बशीसारखं खोदलेलं मैदान,
शेवटच्या पायरीवरच्यालाही मधली माती दिसावी म्हणून.
एक पोरगा हौदा खणतोय,
ताकाचा, हळदीचा, घामाचा वास.
इथं पंच असतो, पण निकाल माती देते.
पाठ टेकली की संपलं,
पाठीवरचा लाल शिक्का सगळ्या गावाला दिसतो.
माझ्या निकालाला माती लागली नाही.
माझी रेघ हवेत होती,
लाइनमनचा झेंडा खाली होता,
आणि खरं सांगायचं तर

आधी नाट्यगृह.
खासबागेच्या भिंतीला भिंत.
कुस्तीच्या दिवशी इकडची आरोळी तिकडच्या मरणात घुसायची.
नट मरता मरता थांबायचा,
आरोळी ओसरली की मग निवांत मरायचा,
आणि रात्रीच्या प्रयोगाला पुन्हा उठायचा.
आग लागली त्या रात्री
दोन्ही पेठा रस्त्याच्या एकाच बाजूला उभ्या पाहिल्या,
जन्मात पहिल्यांदा.
कुणी कुणाला काही बोललं नाही.
आता पत्र्याआड ठोकाठोक ऐकू येते.

खाऊगल्लीत बाकावर टेकलो
तर समोर हिंदुरावची नात, प्रांजल,
गुडघ्याला चिखल, पाठीवर सात नंबर.
"आजोबा, ऑफसाइड म्हंजे नक्की काय ओ?
आमच्या सरांस्नी बी नीट सांगता येत नाही."

मी तिच्या भेळेतून शेंगदाणे वेचले.
हा गोली. हा बचावाचा शेवटचा गडी.
ही चिंचेची रेघ. हा चुरमुरा, तू.
ती वाकून बघत राहिली, मग म्हणाली,
"पण बॉल सुटला तवा हा कुठं हुता?"

एकतीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
सगळे ओरडले होते,
विचारलं कुणी नव्हतं.

"तेव्हा माझ्या डोळ्यांवर ऊन होतं," मी म्हणालो.
"म्हंजे गोल?"
"म्हणजे मला दिसलं नाही."
"मग शिट्टी कशाला मारलासा?"

भेळवालीनं कांदा चिरायचा थांबवला,
की मलाच तसं वाटलं.
प्रांजलनं बचावाचा गडी उचलून तोंडात टाकला.
"उद्या सहाला या. आमच्यात शिट्टीवाला कोण नाही."
आणि गेली, सायकलवर, उभ्यानं पायडल मारत.

दोन किलोमीटर कधीच झाले.
परतीची वाट तीच, टपरीवरून.
खिसा चाचपतो.
शिट्टी आहे, घरची किल्ली आहे,
चहाचे सुट्टे दहा रुपये
कुठं गेले कोण जाणे.